धांड्यांची वाट

सूर्याचे दर्शन कोणाला नीट घडून बरेच दिवस लोटले होते. आकाश राखेच्या रंगाचे होऊन खाली उतरले होते. पाऊस म्हणावा असा पाऊस नव्हता. नुसती ओल झरत होती, अहोरात्र, मुकाट्याने. दोरीवरचे कपडे वाळत नव्हते, मीठ बरणीत पाझरत होते, आणि सकाळी शेतात शिरलेला माणूस दुपारपर्यंत कमरेखाली भिजलेलाच राही. मक्याच्या पानापानांच्या बेचक्यांत पाणी साठलेले असे. धक्का लागला की ते मानेवरून पाठीत उतरे.

त्या घरात दोन भाऊ होते. सगळे त्यांना थोरला आणि धाकटा एवढेच म्हणत, आणि त्यांच्या बायकांना थोरली आणि धाकटी. वडील हयात होते, पण गुडघे गेले होते. एके काळी ज्यांच्या हाकेने दोन शेतांपलीकडची जनावरे मान वर करत, ते आता ओसरीवरच्या बाजेवर बसून पावलांच्या आवाजावरून कोण आले ते ओळखत. शेतजमीन दोन तुकड्यांत होती. घरालगतचे वरचे शेत थोरल्याचे. उतारावरचे खालचे शेत यंदाच धाकट्याच्या हाती आले होते. तो कित्येक वर्षे बाहेरगावी एका गोदामात कामाला होता. गोदाम बंद पडले तसा बायकोला घेऊन परतला. थोरल्याने त्याला एवढेच सांगितले होते, "एक हंगाम करून बघ." या वाक्यात दान होते आणि परीक्षाही होती. धाकट्याने परीक्षा तेवढी ऐकली.

खालच्या शेताकडे जायची वाट वरच्या शेतातून, मक्याच्या मधोमध जात असे. यंदा तिथे पोटरीइतका चिखल झाला होता. थोरलीने तिच्यावर वाळक्या ताटांचे धांडे अंथरले होते आणि त्यावरून माणूस डुगडुगत का होईना, पण कोरड्या पायांनी खाली उतरू शकत होता. डोक्यावर पाण्याची कळशी आणि हातात जेवणाचा डबा घेऊन थोरली त्या दिवशी खाली उतरली, तेव्हा धाकटा सरीत साचलेले पाणी फावड्याने बांधाबाहेर काढत होता. त्याच्या तळहातांना फोड आले होते. फोड झाकायला त्याने चिंध्या बांधल्या होत्या आणि चिंध्या झाकायला तो मुठी मिटून ठेवत होता.

"भावजी, आधी जेवून घ्या. पाणी काही पळून जात नाही."

"पळत नाही म्हणून तर काढतोय, वहिनी."

तो हात धुवायला गेला. थोरली कळशी टेकवायला बांधालगत वाकली आणि तिची नजर मक्याच्या एका ताटाच्या खालच्या पानावर गेली. पानाच्या मध्यावर एक लांबट डाग होता. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगीर, एखाद्या लहानशा नावेसारखा. रंग धड हिरवा नाही, धड करडा नाही, आणि तिथले पान पाण्यात भिजवून काढल्यासारखे निस्तेज. शेजारच्या पानावर तसेच दोन डाग होते. ते मध्ये गवताच्या वाळक्या काडीइतके पिवळट झाले होते.

"हे पान असं कशानं हो?"

धाकट्याने तोंडातला घास न थांबवता मान वळवली. "भूक असेल त्याची. खत कमी पडलं असणार."

पिकाची भूक थोरलीला ठाऊक होती. भुकेने पान टोकाकडून पिवळे पडते आणि तो पिवळेपणा मधल्या शिरेवरून आत सरकत जातो. हे टोकाकडून आलेले नव्हते. हे मध्येच उगवले होते. तिने ते पान ओढून काढले, घडी न घालता पदराखाली धरले आणि घरी आणले. पुढे तिला पुनःपुन्हा वाटत राहिले की त्या पानाबरोबर आपण भांडणच पदराखाली झाकून आणले.

ओसरीवर थोरला बसला होता. शेजारचा रेडिओही आला होता. त्याचे खरे नाव गाव विसरला होता. बातम्या सांगणे हा त्याचा स्वभाव, आणि बटण नाही ही लोकांची तक्रार.

"मामंजी, हे बघता का जरा?"

म्हाताऱ्याने पान हाती घेतले. दृष्टी अधू झाली होती, पण बोटे शाबूत होती. त्याने डागावरून अंगठा फिरवला, उलटून पुन्हा फिरवला. "इथं पानाचा जीव गेलाय," तो म्हणाला. "बाकी पान जिवंत आहे."

"कुठलं हे?" थोरल्याने विचारले.

"खालच्या शेतातलं."

"वाटलंच." थोरल्याने पान घेतले आणि उजेडात धरले. "घरचं बी कणगीत पडून होतं. ते नको, पिशवीवर चित्र छापलेलं पाहिजे. घ्या आता चित्र."

धाकटा तेवढ्यात रिकामा डबा घेऊन वर आला होता. त्याने पायरीशीच हे ऐकले. "दादा, पिशवी दाखवूनच आणली होती तुला."

"दाखवलीस. विचारलं नाहीस."

रेडिओने घसा साफ केला. "माझ्या मेव्हण्याकडे अगदी असंच झालं होतं. आधी एक पान गेलं. मग अख्खं शेत. आणि मग मेव्हणा."

"अरे बापरे! मेव्हण्याला काय झालं?" दारातून धाकटीने घाबरून विचारले. तिचे दिवस भरत आले होते आणि तिला हल्ली कोणतीही वाईट बातमी स्वतःसाठीच आणलेली वाटे.

"काही नाही. आमच्याकडे राहायला आला. अजून आहे."

कोणी हसले नाही. म्हातारा मात्र मिशीत हसला.

दुसऱ्या दिवशी निरोप गेल्यावर शेतकी खात्याच्या बाई आल्या. पायांत रबरी बूट, खांद्याला पिशवी, आणि चेहऱ्यावर सततच्या ओल्या रस्त्यांचा थकवा. त्यांनी पान पाहिले, भिंग लावून पाहिले, आणि म्हणाल्या, "करपा दिसतोय. बुरशीचा आहे. बी वाईट असल्यानं होत नाही हा. हवेत गारवा आणि पानावर सारखी ओल असली की होतो. खात्री हवी असेल तर झाकणाचा डबा घ्या, तळाशी ओलं फडकं घाला, त्यावर पान ठेवा आणि बंद करा. उद्या सकाळी डागावर काळपट लव उगवली तर समजा, हाच."

"आणि असला तर?" थोरल्याने विचारले.

"खालच्या दोनचार पानांवरच असेल तर औषध मारून थांबवता येतं. कणसाच्या बगलेतलं पान आणि त्याच्या वरची पानं वाचवायची, दाणा त्यांच्यावर भरतो. पण लागण तिथवर चढली असेल, तर तेवढा भाग कापून काढा, नाही तर बाकीच्याला लागेल. आणि आधी शोधा, सुरुवात कुठे झाली ते. हा उडतो वाऱ्यावर, पण राहतो मागच्या वर्षीच्या मक्यात. जुनी पानं, जुनी ताटं कुठे पडून आहेत का शेतात?"

"आमचं शेत बघा तुम्ही," थोरला जरा दुखावल्या स्वरात म्हणाला. "नांगरून, वेचून, अंगण सारवावं तसं ठेवलेलं असतं."

ते खरेही होते. आत चहा गाळणाऱ्या थोरलीनेही मनातल्या मनात सगळे शेत फिरून पाहिले. तिला कुठे काडी दिसली नाही. पायाखालचे माणूस मोजत नाही.

औषधाची एक बाटली ठेवून बाई गेल्या. त्यांच्या एवढ्या बोलण्यातून थोरल्याच्या कानात दोनच शब्द उरले होते: कापून काढा.

डबा रात्रभर चुलीशेजारच्या फळीवर राहिला. धाकटी त्या फळीकडे पाठ करून जेवली. सकाळी म्हाताऱ्यासमोर झाकण उघडले. पान फडक्यावर तसेच हिरवे होते, पण नावेसारख्या डागावर काजळीची बारीक लव आली होती. फुंकर घातली तर उडेल, अशी. चौघांनी वाकून पाहिले. म्हाताऱ्याने बोट पुढे केले आणि मग, कधी नव्हे ते, मागे घेतले.

"उद्या खालचं कापायचं," थोरला म्हणाला.

"दादा, त्याला अजून तुरेसुद्धा यायचेत."

"म्हणूनच. आत्ता कापलं तर जनावरांच्या तोंडी तरी लागेल. वारा खालून वर येतो. माझ्या मक्यात दाणा धरतोय. तुझ्यासाठी तो घालवू?"

"बाई म्हणाल्या औषधानं थांबतं."

"बाई म्हणाल्या! बाईंचं शेत आहे का खाली?"

धाकटा शांतपणे म्हणाला, "कापलं तर मी इथं राहून काय करू? ते सांग."

थोरला विळ्यांना धार लावायला परड्यात गेला. दगडावर पाते घासल्याचा आवाज दिवसभर थांबून थांबून येत राहिला.

तिन्हीसांजेला थोरली धाकटीच्या खोलीत डोकावली. ट्रंक उघडी होती.

"काय चाललंय?"

"काही नाही, ताई. कपडे बाहेर ओले राहतात. आत ठेवते."

थोरलीने पाहिले. ट्रंकेच्या तळाशी बाळासाठी शिवलेली टोपडी नीट रचून ठेवली होती. ओलीपासून जपायचे कपडे कोणी ट्रंकेच्या तळाशी घालत नाही. लांब न्यायचे मात्र घालतात.

"ह्या दिवसांत प्रवास करणार आहेस?"

"ते म्हणतात, तिकडे कोणाच्या तरी ओळखीनं काम मिळेल." धाकटीने ट्रंकेचे झाकण लोटले, ते लागले नाही, आणि ती त्याच्यावर हात ठेवून बसून राहिली. "मला नाही जायचं, ताई. पण मी कोणत्या तोंडानं म्हणू? आमच्या शेतातूनच आलाय तो रोग."

त्या घरात थोरली वीस वर्षांहून अधिक काळ एकटी बाई होती. सासू तिच्या लग्नाआधीच गेली होती. तिन्ही पुरुष घरात असतानाही ती भांड्यांशी बोलत असे. धाकटी आली त्या दिवसापासून भांडी गप्प झाली होती. हे तिने कोणाला सांगितले नव्हते, धाकटीलाही नाही.

उजाडता उजाडता, पुरुषांचा चहा व्हायच्या आत, ती एकटीच निघाली. काय शोधायचे ते ठरलेले नव्हते. बाईंचे एक वाक्य तेवढे मनात रुतून बसले होते: सुरुवात कुठे झाली ते शोधा. ती सरळ खालच्या शेतात गेली आणि बांधापासून आत, ओळीओळीने पाने उलटत चालली. पाणी कोपरांवरून काखेत उतरत होते. बांधाशी, वाट जिथे संपते त्या कोपऱ्यात, डाग दाट होते. दहा पावले आत गेल्यावर विरळ झाले. शेताच्या मध्यावर एकही नव्हता. पलीकडच्या टोकापर्यंत मका हिरवागार उभा होता. पिशवीवरच्या चित्रासारखा.

ती परत कोपऱ्यात आली. रोग बियाण्यात असता तर तो सगळीकडे असता. तो कोपऱ्यात होता. कोपऱ्यात काय आहे? वाट आहे.

तिने वर पाहिले. वाट वरच्या शेतात, थोरल्याच्या मक्यात शिरत होती. ती वर चढू लागली, आणि या खेपेस प्रथमच समोर न बघता दोन्ही बाजूंना बघत चढली. वाटेलगतच्या ताटांची खालची पाने करपून लोंबत होती. डाग एकमेकांना मिळून पानेच्या पाने गवताच्या रंगाची झाली होती. तिने हात वर वर नेला. गुडघ्याशी डाग, कमरेशी डाग, आणि कणसाच्या बगलेतल्या पानावर, दाणा ज्याच्या बळावर भरायचा त्या पानावर, तीन लहान नावा. ती एक ओळ आत शिरली: कमी. आणखी आत: विरळ. त्यापुढे शेत स्वच्छ होते.

ती वाटेवर येऊन उभी राहिली आणि तिने पायांखाली पाहिले.

धांडे. मागच्या वर्षीच्या मक्याचे. गोठ्यामागे त्यांची गंजी होती, आणि गुरे त्यांना तोंड लावत नव्हती म्हणून पडून राहिली होती. चिखल झाला तेव्हा धाकटी जेवण घेऊन खाली जात असे. एकदा ती या वाटेवर घसरून बसली होती. काही झाले नाही, पण दोघींचेही चेहरे पांढरे पडले होते. त्याच दिवशी थोरलीने गंजी फोडली आणि भारे वाहून वाहून सगळी वाट अंथरली. संध्याकाळी खांदे सोलून निघाले होते, आणि तिला फार बरे वाटले होते.

ती खाली बसली. एक धांडा चिखलातून उपसला. त्याला चिकटलेले जुने पान हळूच सोडवले. पान कुजकट होते, पण त्यावरचा डाग ओळखू येत होता. तीच नाव. वर तीच काजळी. मागच्या वर्षी काढणीच्या तोंडावर पाने अशी झाली होती, आणि पीक पिकले म्हणून वाळतेय असे सगळे म्हणाले होते. दाणा भरून झाला होता. कोणाचे काही बिघडले नव्हते.

तिच्या बोटांना ती काजळी लागली. तिने लुगड्याला पुसली, मग लुगड्याकडे पाहिले, आणि तिला रडू येईना.

वरून आवाज आले. धाकटा पुढे होता, हातात विळा. थोरला मागे. "माझं मी कापतो," धाकटा म्हणत होता. "तू हात लावू नकोस. पेरताना लावला नव्हतास, आता कशाला?"

थोरली वाटेच्या मधोमध उठून उभी राहिली. "भावजी, थांबा."

"सरका वहिनी. एकदाचं होऊन जाऊ द्या."

"तुमच्या शेतातून नाही आला तो. मी आणलाय."

दोघेही थांबले. तिने हातातला धांडा पुढे केला. तोंडातून शब्द नीट निघत नव्हते. ती आधी शेवट बोलली, मग सुरुवात, मग मधले: वाट, गंजी, मागच्या वर्षीची पाने, इथे दाट, तिथे विरळ, पलीकडे काही नाही. थोरला ऐकत होता आणि त्याची मान हळूहळू खाली जात होती. तिचे बोलणे संपायच्या आतच तो पुढे आला आणि हळू आवाजात, दात न उघडता म्हणाला, "आत्ता हे त्याच्यासमोर कशाला?"

"मग कधी? कापून झाल्यावर?"

त्यांच्या संसारात ती असे बोलल्याचे त्याला आठवत नव्हते. त्याने धांडा तिच्या हातातून घेतला नाही. तो वाटेच्या कडेला वाकला, एक पान उलटले. दुसरे उलटले. मग आपल्याच मक्यात शिरला. ताटे हलताना दिसत होती आणि तो दिसत नव्हता. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोके, मिशा, सदरा, सगळे भिजलेले होते. हातात कणसाच्या बगलेतले पान होते.

"रोज इथून जात होतो," तो कोणाकडेही न बघता म्हणाला. "खाली काय चाललंय ते बघायला."

धाकट्याच्या कानशिलावरची शीर उडत होती. "पहिल्या दिवसापासून माझ्या बियाण्याला शिव्या घातल्यास."

"घातल्या."

"बायकोनं माझ्या ट्रंक भरलीय."

थोरल्याने पुढे होऊन हात केला. "दे इकडे."

धाकट्याला क्षणभर कळले नाही. मग त्याने विळा दिला. थोरला वाटेच्या डाव्या अंगाला वळला. तिथला मका सगळ्यांत जोमाचा होता, कणसे मनगटाएवढी, केस नुकते तांबूस होऊ लागलेले. त्याने पहिले ताट बुडाशी धरले आणि कापले. ते ओले होते, जड होते. पडताना शेजारच्या ताटाला टेकले आणि मग सावकाश खाली आले. त्याने दुसरे धरले.

थोरली फवारणीचा पंप आणायला घरी धावली. ओसरीवर म्हाताऱ्याने मान वर केली.

"कापल्याचा आवाज वरून येतोय," तो म्हणाला. "खालून यायला हवा होता."

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. जिला आयुष्यभर या माणसासमोर खाली मान घालून बोलायची सवय होती, तिने तशीच मान घालून सगळे सांगितले. म्हातारा ऐकत राहिला. त्याच्या हातातली काठी जमिनीवर बारीक बारीक रेघा ओढत होती.

"वाट कोणासाठी केली होतीस?"

"धाकटीसाठी. ती पडली होती."

"मग वाट चुकली नाही," म्हातारा म्हणाला. "सामान चुकलं." त्याने चेहरा आकाशाकडे केला. अंधुक डोळ्यांवर काही तरी ऊबदार टेकले होते. "उजेड आलाय का गं?"

आला होता. ढगांत एक फट पडली होती आणि तिच्यातून पिवळसर, अशक्त ऊन परड्यात उतरले होते.

"मग उभी काय? पानं सुकली की मारा औषध. नंतर बोलायला जन्म आहे."

त्या दिवशी घरातले कोणी बसले नाही. कापलेली ताटे शेताबाहेर ओढत नेली. धाकट्याने बांधापलीकडे, पाणी वाहत नाही अशा उंचवट्यावर, खड्डा खणला. चिंध्या सुटून फोड फुटले तरी तो थांबला नाही. थोरली वाटेवरचे धांडे हातांनी वेचत होती. अर्धे चिखलात रुतलेले, अर्धे हातात धरताच तुटणारे. एक तुकडासुद्धा राहता कामा नये म्हणून ती बोटांनी चिखल चाळत होती, आणि नखांत माती जाऊन बोटे ठणकत होती. धाकटी नको नको म्हणताना आलीच. तिला वाकायला बंदी होती, म्हणून ती बांधावर बसली आणि पोत्यांची तोंडे बांधू लागली.

"ताई, माझ्यासाठी केलंत तुम्ही हे."

"ते बोलू नकोस. गाठ घट्ट मार. एक पान पडलं तर पुन्हा तेच."

रेडिओ कुंपणापाशी येऊन उभा राहिला. "वरचं कापताय? काल तर खालचं कापणार होतात!"

थोरल्याने कपाळावरचा घाम दंडाला पुसला. गावात बातमी जाणार, हे त्याला दिसत होते. "सांग सगळ्यांना," तो म्हणाला. "करपा माझ्या शेतातून आलाय. नीट सांग, उलटं सांगू नकोस."

रेडिओला आयुष्यात प्रथमच एखादी बातमी सांगावीशी वाटली नाही. तो कुंपण ओलांडून आत आला आणि पोते उचलू लागला.

दुपारी पाने सुकली. धाकट्याने औषध मापून पाण्यात ढवळले. थोरल्याने तोंडाला फडके बांधले आणि पंप पाठीवर घेतला. पंपाची टाकी एका सांध्यातून पाझरत होती म्हणून पाठीवर आधी गोणपाट, त्याच्यावर जाड कागद आणि मग पंप. तो वाऱ्याकडे पाठ ठेवून ओळीओळीने चालला. खालून वर, वरून खाली, पानांच्या दोन्ही अंगांना. वरचे शेत झाले. मग तो काही न विचारता खाली उतरला आणि धाकट्याच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पंपाच्या पट्ट्याखाली त्याचे खांदे लाल झाले होते. धाकटा म्हणाला, "दे, मी घेतो." थोरला म्हणाला, "तुझे हात बघ आधी."

शेवटच्या ओळीला पश्चिमेकडून ढग आले. सगळे बांधावर उभे राहून वर बघू लागले. औषध पानावर सुकायला वेळ हवा होता. आता पाऊस आला तर धुऊन जाणार. दुसऱ्या खेपेचे औषध नव्हते. थोरलीच्या हातावर एक थेंब पडला. दुसरा पडला. कोणी हलले नाही, जणू हालचाल केली तर आकाशाचे लक्ष जाईल. मग वारा फिरला, ढग टेकडीच्या अंगाने पुढे सरकले, आणि पलीकडच्या कोणाच्या तरी शेतावर सर कोसळताना दिसली. त्या सरीबद्दल आनंद मानावा की काय, हे कोणालाच ठरवता येईना.

त्यानंतरचे दिवस केवळ पाहण्यात गेले. उन्हाने पाने सुकल्याशिवाय शेतात पाऊल टाकायचे नाही, असा नियमच झाला. जनावरे वैरणीसाठी हंबरत राहत आणि माणसे बांधावर उभी राहून दवाकडे बघत. जुने डाग तिथेच होते, वाळलेले, मेलेले. नवे डाग येत आहेत का, एवढाच प्रश्न होता. धाकट्याच्या मक्याला तुरे फुटले. वरच्या शेतात कापलेल्या पट्ट्याची रिकामी जागा घरातूनही दिसत असे. तोंडातला दात पडावा तशी. थोरलीला रोज पहाटे जाग येई, आणि पहिला विचार पानाचा येई. ट्रंक अजून भरलेलीच होती.

एके दिवशी ऊन वर आल्यावर थोरला त्या रिकाम्या पट्ट्याच्या कडेला, उरलेल्या पहिल्या ओळीत थबकला. थोरली मागेच होती. त्याने कणसाच्या बगलेतले पान हलकेच वाकवले. त्यावर एक खूण होती. लहान, लांबट, फिकट. अळीने ओरबाडल्यासारखी, किंवा वाऱ्याने दुसऱ्या पानाशी घासल्यासारखी, किंवा तीच.

थोरल्याने पान सोडले नाही. त्याने आजूबाजूला पाहिले, आणि थोरलीला वाटले, आता हा ते पान तोडून मुठीत घेणार आणि कोणाला सांगणार नाही. पंचवीस वर्षे ती त्याला ओळखत होती.

त्याने मान वर केली आणि खालच्या शेताकडे हाक दिली. आवाज शेतावरून दूरवर गेला, वडिलांचा जात असे तसा.

धाकटा धावत आला, धापा टाकत. थोरला बाजूला सरला आणि पान त्याच्यासमोर धरले.

"बघ."

धाकट्याने पान उन्हात धरले. उलटून पाहिले. बोट फिरवले. कपाळाला आठी घालून पुन्हा पाहिले. दोघांची डोकी जवळ जवळ टेकली होती.

"मला कळत नाहीये," थोरला म्हणाला. "तू काय म्हणतोस?"

हा प्रश्न या भावाने त्या भावाला आयुष्यात कधी विचारला नव्हता. धाकट्याने ते पान पुन्हा ताटाशी नीट टेकवले आणि ओळखू यावे म्हणून ताटाला आपल्या हाताची एक चिंधी सोडून बांधली.

"आज नाही सांगता यायचं," तो म्हणाला. "वाढतोय का ते बघावं लागेल. उद्या बघतो. आणि परवा."

थोरली वळली आणि घराकडे चालू लागली. पायांखाली उघडा चिखल होता. पाय पोटरीपर्यंत रुतत होता आणि प्रत्येक पाऊल उपसून काढावे लागत होते. धाकटी दारात उभी असलेली तिला लांबूनच दिसत होती. धाकट्याचे ते 'उद्या, आणि परवा' तिच्या कानी घालायला थोरलीला लवकर पोचायचे होते.